क्लबच्या तळ्यावर वसंतातली मासेमारी: गळ पाण्यात पडण्याआधी आणि नंतर काय, कुठल्या क्रमाने

मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, संध्याकाळी साडेसातपर्यंत उजेड राहतो आणि इंग्लंडमधल्या मराठी ग्रुपांवर तेच दोन प्रश्न पुन्हा सुरू होतात. पहिला, "लायसन्स काढलं होतं, तरी तळ्यावरून उठवलं, असं कसं?" दुसरा, "आठ तास बसलो, फ्लोट हललासुद्धा नाही." (फ्लोट म्हणजे चावा दाखवणारा, पाण्यावर तरंगणारा खूणदांडा.) दोन्हींचं मूळ एकच आहे. मंडळी आधी रॉड घेतात, मग तळं शोधतात, तिथे पोचल्यावर चारा ओततात आणि नियम वाचतात सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा करायचा आहे.

हा लेख इंग्लंडमधल्या अँगलिंग क्लबच्या तळ्यांपुरता आहे, आणि तोही मार्चअखेर ते मे एवढ्याच काळापुरता. रोच, रड, ब्रीम, टेंच, कार्प, पर्च, पाइक हे इथले 'कोअर्स' मासे. साल्मन-ट्राउटचे नियम आणि सामान वेगळं, ते इथे नाही.

टप्पा १: परवानग्या. एक नाही, दोन

एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचं रॉड लायसन्स ही पहिली परवानगी. ते सरकारच्या गव्ह डॉट यूके या साइटवर एक दिवसाचं, आठ दिवसांचं किंवा बारा महिन्यांचं मिळतं. घेताना 'ट्राउट, कोअर्स फिश आणि ईल' हाच प्रकार निवडा. साध्या लायसन्सवर दोन रॉड चालतात. १३ वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. १३ ते १६ वयाच्या मुलांना फुकट असलं तरी नाव नोंदवून काढावंच लागतं, आणि बहुतेक पालक नेमके इथेच चुकतात. लायसन्स नसताना पकडलं गेलं तर २,५०० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. "मी फक्त ह्यांचा रॉड धरला होता" हे उत्तर चालत नाही, कारण लायसन्स रॉडचं नसून मासे धरणाऱ्या माणसाचं असतं.

दुसरी परवानगी पाण्याच्या मालकाची, म्हणजे इथे क्लबची. सरकारी लायसन्सने एकाही तळ्यावर बसण्याचा हक्क मिळत नाही. क्लबचं वार्षिक सभासदत्व, एका दिवसाचं तिकीट किंवा सभासदाचा पाहुणा म्हणून परवाना, यांपैकी काहीतरी हातात हवं. नवख्या माणसाने दिवसाच्या तिकिटाने सुरुवात करावी. मात्र ते आधी ऑनलाइन घ्यायचं की बेलिफ (क्लबचा तळ्यावरचा रखवालदार) काठावर येऊन पैसे घेतो, हे घरूनच बघून निघा. पुष्कळ क्लबांत आगाऊ तिकिटाशिवाय गळ टाकला तर सरळ हाकलतात.

नद्यांवर १५ मार्च ते १५ जून या काळात कोअर्स मासेमारी बंद असते. बहुतेक तळ्यांना ही बंदी लागू नाही, म्हणून तर वसंतात सगळे तळ्यांवर येतात. पण काही संरक्षित तळी आणि काही क्लब या काळात बंद ठेवतात. क्लबकडे तळं आणि नदीचा पट्टा दोन्ही असतील तर तिकीट नेमकं कशाचं आहे ते वाचा.

मग क्लबची नियमावली काढा आणि यातल्या प्रत्येक गोष्टीसमोर उत्तर लिहा: काटा (टोकामागची उलटी अणी) नसलेला गळच हवा का, कुठली आमिषं बंद, चाऱ्यावर मर्यादा किती, लँडिंग नेटचा (मासा पाण्यातून उचलायच्या जाळीचा) किमान आकार काय, अनहूकिंग मॅट (गळ काढताना मासा ठेवायची मऊ गादी) सक्तीची का, फाटक कधी बंद होतं, सोबत न गरवणारी माणसं आणलेली चालतात का. शेवटचा प्रश्न आपल्यासाठी खास. चटई, डबे, मुलं आणि ब्लूटूथ स्पीकर घेऊन आठ जणांनी एका पेगवर (काठावरच्या गरवायच्या ठरलेल्या जागेवर) बसणं इथे सहल म्हणून खपत नाही.

> सावधान: क्लबच्या तळ्यातला मासा घरी न्यायचा नाही. लहान असो, मोठा असो, 'एकच' असो. तो क्लबच्या मालकीचा आहे आणि परवानगीशिवाय नेणं हा गुन्हा आहे. कालवणासाठी मासा हवा असेल तर बाजारात जा; इथे धरलेला प्रत्येक मासा जिवंत परत जातो. पुढचे सगळे टप्पे हे गृहीत धरूनच आहेत.

टप्पा २: सामान, आणि ते घरीच जुळवणं

पहिल्या हंगामाला एकच रॉड पुरे. १२-१३ फुटी फ्लोट रॉड, छोटं फिक्स्ड स्पूल रील, त्यावर ४ पाउंडांची (म्हणजे तेवढ्या ताणाला तुटणारी) दोरी, पुढे ३ पाउंडांची हूकलिंक, म्हणजे गळ बांधलेला दोरीचा शेवटचा तुकडा. तळ्यात पाच-सहा पाउंडांच्या वरचे कार्प असतील तर दोरी ६ आणि हूकलिंक ५ पाउंडांची करा. "पातळ दोरीला मासे जास्त लागतात" हे खरं आहे, पण तुटून गळ तोंडात घेऊन गेलेला मासा हा मासेमारीतला सगळ्यात वाईट निकाल आहे.

गळाचे आकडे उलटे चालतात: आकडा मोठा तितका गळ लहान. मॅगटसाठी (आमिषाच्या माशीच्या अळीसाठी) १६ किंवा १८, मक्यासाठी १२ किंवा १४. पाकिटावर 'बार्बलेस' असलं तरी एकदा सुती रुमालातून गळ ओढून बघा. धागा अडकला तर त्याला काटा आहे. पकडीने दाबलेला काटा काही क्लब मान्य करतात, काही करत नाहीत, म्हणून सरळ बिनकाट्याचेच घ्या.

दोरीवर लावायच्या वजनाला शॉट म्हणतात. ०.०६ ग्रॅमपेक्षा जड ते २८.३५ ग्रॅमपर्यंतचं शिशाचं वजन वापरायला बंदी आहे, कारण हंस आणि बदकं ते खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात. गावाकडून आणलेले शिशाचे मणी पिशवीतून काढून ठेवा. दुकानात डबीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं बघून घ्या.

बाकीचं: दोन-तीन वॅगलर फ्लोट (फक्त खालच्या टोकाने दोरीला लावायचे), प्लमेट (खोली मोजायचं वजन), डिसगॉर्जर, म्हणजे माशाच्या तोंडातून गळ काढायची काडी (दोन ठेवा, एक हमखास गवतात हरवतो), बिनगाठीच्या मऊ जाळीची लँडिंग नेट, अनहूकिंग मॅट, झाकणाचा आमिषाचा डबा.

मक्याचा पत्र्याचा डबा तळ्यावर नेऊ नका. बऱ्याच क्लबांत पत्र्याच्या डब्यांना बंदी आहे. घरीच फोडून प्लास्टिकच्या डब्यात भरा.

> तपासा: निघण्याआधी रीलचा ड्रॅग, म्हणजे किती ताणावर दोरी सुटावी ते ठरवणारा ब्रेक, बसवा. हाताने दोरी हळूहळू ताणत जा. तुटायच्या बऱ्याच आधी स्पूल फिरून दोरी सुटली पाहिजे. हे काम मासा लागल्यावर जमत नाही.

टप्पा ३: दिवस आणि वेळ

एप्रिलमध्ये पहाटे पाचला जाऊन कुडकुडण्याची गरज नाही. रात्री तळं थंड होतं, उथळ पाणी दुपारनंतर तापतं आणि मासे त्या सुमारास हलतात. दुपारी दोन ते अंधार पडेपर्यंतची वेळ एप्रिलमध्ये सकाळपेक्षा बहुतेकदा भारी पडते. मेच्या मध्यानंतर हे गणित फिरतं. टेंच जागे झालेले असतात आणि त्यांच्यासाठी पहाट गाठावी.

हवामान बघताना आकाशापेक्षा मागचे तीन दिवस बघा. सलग तीन दिवस मऊ, ढगाळ हवा आणि रात्री दव न गोठलेलं असेल तर जा. आदल्या रात्री दव गोठलं असेल आणि आज लख्ख ऊन असेल, तर ऊन फसवं आहे. त्या दिवशी सामान साफ करत घरी बसलं तरी काही बिघडत नाही.

टप्पा ४: जागा

फाटकातून आत गेल्यावर खांद्यावरचं सामान पहिल्या रिकाम्या पेगवर टाकणं ही सर्रास चूक. सामान गाडीत ठेवा आणि आधी रिकाम्या हाताने, पाय न आपटता तळ्याला एक फेरी मारा. (फाटकाचं कुलूप मागे पुन्हा लावायचं, आकडे फिरवून विस्कटायचे. तो नंबर मित्रालाही द्यायचा नाही.)

वसंतात बघायच्या गोष्टी या.

उत्तरेकडचा काठ. त्याचं तोंड दक्षिणेला, त्यामुळे तिथे ऊन सगळ्यात जास्त वेळ लागतं आणि उत्तरेचा गार वारा पाठीमागून अडतो. वारा नैर्ऋत्येकडून ऊबदार असेल तर ज्या काठावर लाटा आपटतात तिकडे मासे सरकतात. पूर्वेचा बोचरा वारा असेल तर उलट करा, आडोशाचं शांत पाणी शोधा.

मागच्या वर्षीचे वाळके बोरू आणि नुकत्याच वर येणाऱ्या कमळपानांचे लालसर-तपकिरी शेंडे. पानं पृष्ठभागावर यायच्या आधीच मासे त्यांच्याभोवती असतात. पोलरॉइड चष्मा असेल तर पाण्याखाली ते शेंडे स्पष्ट दिसतात. टेंच तळ उकरत असेल तर टाचणीच्या डोक्याएवढ्या बुडबुड्यांची फेसाळ चकती वर येते आणि हळूहळू सरकते. एकच मोठा बुडबुडा जागच्या जागी फुटला तर तो बहुतेक तळाचा वायू, त्याच्या मागे लागू नका.

तळ्याचा प्रकारही ओळखा. जुन्या जमीनदारी वाड्यांच्या तळ्यांना एका टोकाला बांध असतो, तिथे पाणी खोल आणि ओढा येतो तिकडे उथळ. एप्रिलमध्ये मधला पट्टा धरा. थेम्सच्या खोऱ्यात, रेडिंगपासून स्लाऊच्या आसपासपर्यंत, खडी काढून झालेल्या खड्ड्यांत पाणी भरून तळी झाली आहेत. तिथे पाणी नितळ, तळ उंच-सखल, आणि काठापासून दोन पावलांवर एकदम खोली. मुलं सोबत असतील तर असल्या तळ्यावर पहिली खेप करू नका.

> सावधान: वर बघा. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. विजेच्या तारांपासून निदान ३० मीटर लांब बसा, आणि तारांखालून जाताना रॉड मोडून, आडवा धरून न्या.
>
> सावधान: वसंतात बोरूत पाणकोंबड्यांची आणि कूट या काळ्या पाणपक्ष्याची घरटी असतात, हंस अंड्यांवर असतो. घरट्याजवळचा पेग रिकामा सोडा. जागा करायला बोरू किंवा फांद्या तोडू नका.

टप्पा ५: खोली मोजणं

सगळ्यात जास्त वगळला जाणारा टप्पा हाच, आणि फ्लोट न हलण्याचं सगळ्यात मोठं कारणही हेच. थंड पाण्यात मासे तळाशी असतात. आमिष त्यांच्या डोक्यावर हातभर लटकत असेल तर ते वर येत नाहीत.

आधी फ्लोट बसवा. वॅगलर खालच्या टोकाने दोरीत, त्याच्या दोन्ही बाजूंना मोठे शॉट घट्ट. एकूण वजनातला जवळजवळ सगळा भार तिथेच. खाली गळापर्यंतच्या दोरीवर फक्त तीन बारीक ८ नंबरचे शॉट, अंतराअंतराने. फ्लोटचा रंगीत शेंडा जेमतेम दिसेल इतकंच वजन हवं.

मग गळाला प्लमेट लावून जिथे गरवायचं तिथे टाका. फ्लोट पाण्याखाली गेला तर खोली कमी लावली आहे. फ्लोट गळापासून आणखी लांब सरकवा. फ्लोट आडवा पडला किंवा खूप वर राहिला तर जास्त लावली आहे, जवळ आणा. शेंडा नेमका हवा तेवढा दिसेपर्यंत हे करत राहा. चार-पाच वेळा टाकावं लागतं, आळस करू नका.

एकाच ठिकाणी थांबू नका. काठापासून पुढे पुढे मोजत जा, डावी-उजवीकडेही मोजा. काठाचा उतार संपून तळ सपाट होतो तो पायथा सापडला की तिथेच पहिला डाव मांडा. खाणं उतारावरून घसरून तिथे साठतं.

खोली मिळाली की गळ रीलच्या बुडाशी टेकवा, दोरी रॉडलगत ताणून धरा आणि फ्लोट जिथे येतो तिथे रॉडवर पांढरी खूण करा. दोरी तुटली तर पुन्हा मोजत बसावं लागत नाही. आता फ्लोट दोन-तीन सेंटीमीटर जास्त लावा, म्हणजे आमिष तळाला टेकून राहील.

> तपासा: प्लमेट काढला का? हसू नका.

टप्पा ६: चारा

उन्हाळ्यात बघितलेले व्हिडिओ इथे विसरा. गार पाण्यात माशाचं पचन मंद असतं, पाणी १० अंशांच्या आसपास असताना त्याला दिवसाला फार थोडं लागतं. ताटात जास्त वाढलेलं परत काढून घेता येतं, तळ्यात टाकलेलं नाही. दोन किलो ग्राउंडबेट (भिजवून टाकायचा चाऱ्याचा चुरा) आल्या आल्या लोटलं की तळावर फुकटचं अन्न पसरतं आणि तुमचा एक गळ त्यात हरवतो.

सुरुवातीला दहा-बारा मॅगट, बस. त्यानंतर प्रत्येक फेकीबरोबर सहा-सात मॅगट किंवा तीन-चार मक्याचे दाणे, दर वेळी त्याच जागी. पलीकडच्या काठावरचं एखादं झाड खूण म्हणून धरा आणि फेक त्याच रेषेत ठेवा. चारा एकीकडे आणि गळ दोन मीटर पलीकडे, हे दिवसभर चाललं तरी लक्षात येत नाही.

मॅगट गळाला लावण्याची एक पद्धत आहे. त्याच्या बोथट टोकाला डोळ्यांसारखे दोन काळे ठिपके असतात. त्या टोकाची फक्त कातडी चिमटीत धरून गळाचं टोक आरपार न्या. आतून पाणी निघालं तर तो मॅगट फेका, लुळा पडून तो उपयोगाचा राहत नाही. वळवळणारा हवा.

कणकेचा गोळा चालतो का? क्लबची बंदी नसेल तर चालतो, मीठ-तेल न घालता मळलेली घट्ट कणीक मेमध्ये टेंच आणि कार्पला चांगली लागू पडते. एप्रिलच्या नितळ, गार पाण्यात मात्र मॅगटच्या पुढे ती फिकी. उरलेली पोळी आणि भात मात्र पाण्यात टाकू नका. तो चारा नव्हे, कचरा.

तासभर काहीच नाही? तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि या क्रमाने: आधी चारा थांबवून पंधरा मिनिटं वाट पाहा, मग गळ एक नंबर बारीक, मग खोली, दहा-दहा सेंटीमीटरने कमी, शेवटी जागा. लोक पहिल्या दहा मिनिटांत जागा बदलतात आणि खोली मोजणं पुन्हा टाळतात. लहान रोच मॅगटचा फडशा पाडत असतील तर मक्याचा दाणा लावा, चावे कमी होतील पण मासा मोठा येईल.

टप्पा ७: फेक, चावा, मासा आणणं

फ्लोट ठरलेल्या जागेच्या थोडा पलीकडे टाका, रॉडचं टोक पाण्यात बुडवा आणि रीलचे दोन-तीन झटपट वेढे घ्या, म्हणजे दोरी बुडते आणि वाऱ्याने फ्लोट ओढला जात नाही.

चावा म्हणजे फ्लोट बुडणंच नव्हे. टेंच आणि ब्रीम तळावरचं आमिष उचलतात तेव्हा शॉट उचलले जाऊन फ्लोट वर येतो, कधी आडवा पडतो. तोही चावाच. मनगटाने हलका, कडेला झटका पुरे. खांद्यापासून हिसका मारला तर लहान रोच हवेतून उडत येतो.

मासा लागला की रॉड वाकलेला ठेवा आणि काम वाकाला करू द्या. तो पळत असेल तेव्हा रील फिरवू नका. नेट आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरा आणि मासा तिच्यावर ओढून आणा. नेटने माशाचा पाठलाग केला की तो शेवटची उसळी मारतो आणि गळ सुटतो.

> सावधान: रॉड पाण्यात सोडून चहाला, शेजाऱ्याशी गप्पांना जायचं नाही. रॉड नजरेआड सोडणं नियमबाह्य आहे. जायचंच असेल तर दोरी गुंडाळा.

टप्पा ८: मासा हातात असताना

फोटोच्या नादात सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगापासून वाचवतो. कोरडा हात, कोरडी मॅट, गवत, फडकं, सगळं तो थर खरवडून काढतं.

म्हणून मासा नेटमध्ये पाण्यातच ठेवा, तोवर मॅट तळ्याच्या पाण्याने भिजवा, हात भिजवा, डिसगॉर्जर आणि कॅमेरा हाताशी घ्या. मग मासा वर. गळ ओठात दिसत असेल तर बोटांनी निघतो. आत असेल तर दोरी ताणून धरा, डिसगॉर्जरची खाच दोरीवर बसवून गळापर्यंत सरकवा, किंचित आत ढकला आणि बाहेर काढा. खूपच खोल असेल तर ओढाताण न करता जमेल तितकी जवळ दोरी कापा. मोठा मासा गुडघे टेकून, मॅटच्या अगदी वर धरायचा. उभं राहून छातीशी कवटाळायचा नाही.

सोडताना फेकू नका. नेटमध्ये ठेवून पाण्यात उतरवा आणि तो स्वतः निघून जाईपर्यंत थांबा.

मेच्या शेवटाकडे, पाणी १८-२० अंशांवर गेलं की कार्प काठाच्या गवतात झुंडीने खळबळ करतात, पाठी वर दिसतात, पाणी गढूळ होतं. ती अंडी घालण्याची वेळ. त्यांच्यात गळ टाकू नका, दुसरीकडे जा किंवा घरी जा. पुष्कळ क्लब तेवढे दिवस तळंच बंद करतात. आणि पाण्यावर मेलेले किंवा तडफडणारे बरेच मासे एकदम दिसले तर बेलिफला सांगा आणि एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या ०८०० ८० ७० ६० या चोवीस तास चालणाऱ्या नंबरावर कळवा.

टप्पा ९: आवरणं

दोरीचा वीतभर तुकडासुद्धा गवतात सोडायचा नाही. पक्ष्यांच्या पायात अडकतो. घरी नेऊन बारीक कापून कचऱ्यात टाका. डबा उघडायच्या आधी हात साबणाने धुवा आणि हातावर खरचटलेलं असेल तर सुरुवातीपासून पट्टी लावा. काठावर उंदीर असतात आणि लेप्टोस्पायरोसिस त्यांच्या मुतातून पाण्यात येतो. गवतात बसला असाल तर रात्री पायांवर गोचीड आहे का पाहा.

नेट आणि मॅट धुवून पूर्ण वाळवा. ओली नेट दुसऱ्या तळ्यावर नेली की रोग आणि परकी वनस्पती तिच्याबरोबर जातात. फाटकाशी औषधी पाण्याची टाकी ठेवली असेल तर नेट तीत बुडवल्याशिवाय आत जाऊ नका, मग ती घरी कितीही वाळवलेली असो.

उरलेले मॅगट तळ्यात ओतू नका. चाळून, कोरड्या भुश्यात, भोकाच्या झाकणाच्या डब्यात ते फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात. बाहेर ठेवले तर चार-पाच दिवसांत कोशात जातात आणि नंतर स्वयंपाकघरात माशा उडतात. डब्यावर ठळक अक्षरांत नाव लिहा आणि फ्रिजमध्ये ठेवण्याआधी घरच्यांना विचारा.